दोन शाळांची बराक

व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झाले तेव्हा वडिलांना वाटत होतं, मला अंबरनाथलाच शाळा मिळेल. शिवमंदिराच्या अलीकडे आमचं भाड्याचं घर होतं. वडील काड्यापेटीच्या कारखान्यात कारकून होते. मुलीनं नोकरी करायची तर घराजवळ करावी, एवढीच त्यांची अट होती. स्कूल बोर्डाचा हुकूम आला तो मात्र कॅम्पातल्या शाळेचा. उल्हासनगर हे नाव पडून थोडेच दिवस झाले होते, आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. लढाईच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहत होती. वडील दोन दिवस तो हुकूम पुन्हा पुन्हा वाचत होते. मग एका सकाळी चपला घालून स्वतःच मला वालधुनी नदीच्या काठाकाठानं तिथवर पोचवायला आले, आणि बराक पाहून म्हणाले, "बरी आहे. भिंती पक्क्या आहेत."

भिंती पक्क्या होत्या. फक्त मधोमध जी भिंत हवी होती ती लाकडी फळ्यांची होती. त्या फळ्यांच्या अलीकडे आमची मराठी शाळा आणि पलीकडे सिंधी शाळा. खोल्या दोघांनाही सारख्याच, चार-चार. आमच्या चार खोल्यांत रेल्वेच्या गँगमधल्या, पोलिसांच्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या मिळून इतकी कमी मुलं होती, की दुसरी आणि तिसरी एकत्र बसवूनही खोली मोकळी वाटायची. पलीकडे मुलं मावत नव्हती. तिथे शाळा दोन पाळ्यांत भरायची, तरी एक वर्ग व्हरांड्यात आणि एक बाहेर लिंबाखाली. मी माझ्या वर्गाला पाढे म्हणायला लावले की फळ्यांपलीकडून सिंधी पाढे त्याहून मोठ्यानं यायचे आणि माझी मुलं चुकायची.

त्या शाळेचे हेडमास्तर तेव्हाच पन्नाशी उलटलेले होते. उंच, जरा वाकलेले, पांढरा पायजमा, वर काळा कोट. त्यांची मुलं त्यांना 'साईं' म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले. तिकडे सिंधमध्ये ते एका हायस्कुलाचे हेडमास्तर होते आणि फारसी शिकवत होते. इथे आल्यावर हायस्कुलात जागा नव्हती, फारसी कोणाला नको होती. प्राथमिक शाळेची जागा मिळाली ती त्यांनी घेतली. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, त्यांच्या हाताखालच्या मास्तरांकडून कळलं. ते हिंदीत बोलायचे आणि मी मराठीत, आणि दोघांनाही सगळं समजायचं.

शाळा सुटली की ते बराकींमधून मुलं गोळा करत फिरायचे. कॅम्पातली निम्मी पोरं तेव्हा काही ना काही विकत होती, गोळ्या, कंगवे, सुया, उकडलेले चणे. आमच्या हेडमास्तरांनी मलाही एकदा मुलं शोधायला पाठवलं, कारण आमचा पट फारच खाली गेला होता. मला त्या बराकींची वाट ठाऊक नव्हती, म्हणून मी साईंबरोबर निघाले. एका बराकीत गोणपाटाच्या पडद्याआड एक बाई पापड लाटत होती आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी ते उचलून खाटेवर वाळत घालत होती. साईंनी मुलीचं नाव विचारलं, मग तिला मनातल्या मनात करायचं एक गणित घातलं. तिनं हात न थांबवता उत्तर दिलं. त्यांनी दुसरं घातलं, तिसरं घातलं. मग ते तिच्या आईसमोर उकिडवे बसले.

आई म्हणाली, मुलगी शाळेत गेली तर पापड कोण घालणार?

साईं म्हणाले, "बहन, पापड सूखने तक तो भेज दो. सूख जाएँ तो बुला लेना."

आई हसली. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी शाळेत येऊ लागली, सरळ चौथीत बसली, आणि ऊन कितीही कडक असलं तरी पापड दुपारपर्यंत वाळत नसत.

माझ्या हाती त्या दिवशी एकही मूल लागलं नाही. परतताना साईंनीच मला सांगितलं, की रेल्वेच्या नव्या चाळीत दोन मराठी घरं आली आहेत, तिथे जाऊन ये.

आमचे हेडमास्तर बदलापूरचे. गावात भातशेती, घरचं बरं असलेला माणूस. सचोटीचे होते, वेळेचे पक्के होते, आणि मनात सतत भीती बाळगून असायचे. शाळा बंद पडण्याची भीती. ते म्हणायचे, खोली गेली की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक जातो, आणि मग एक दिवस बोर्ड म्हणतं की या गावाला मराठी शाळेची गरजच काय. म्हणून रिकाम्या खोल्याही ते रोज झाडून घेत, फळ्यावर तारीख घालून ठेवत.

साईंनी त्यांच्याकडे एक खोली मागितली ती मी आल्यानंतरच्या पहिल्या वर्षी. कारण साधं होतं. सिंधी शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पाचवी मंजूर व्हायला मुलं भरपूर होती, शिक्षकही मिळत होता. बोर्डाची अट एकच, वर्गाला स्वतःची खोली दाखवा. साईं आमच्या ऑफिसात आले, उभ्यानंच बोलले. आमच्या हेडमास्तरांनी त्यांना आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि खोली दिली नाही. आवाज न चढवता त्यांनी समजावून सांगितलं, की पुढल्या वर्षी कारखान्यांत माणसं येतील, मराठी मुलं वाढतील, तेव्हा ही खोली परत कोण देईल? साईंनी चहा पूर्ण घेतला, नमस्कार केला आणि गेले.

पाचवी मंजूर झाली नाही. मुलांना पुढे शिकायचं तर कॅम्पाच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागणार होतं. मुलगे गेले. पापडवाल्या बाईची मुलगी चौथीत पहिली आली होती; तिला आईनं तेवढ्या लांब पाठवलं नाही. साईं दोनदा तिच्या घरी जाऊन आले. पुढे रस्त्यात मला ती दिसायची, डोक्यावर पापडांचा डबा घेऊन दुकानांना पोचवताना. गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे परत देताना तिला बोटं मोजावी लागत नसत, एवढाच त्या शाळेचा तिला उपयोग झाला.

बाकंही आली ती आमच्याचकडे. आमची मागणी जुनी होती, मंजुरी आधीची होती, म्हणून बोर्डानं नवी बाकं पाठवली आणि ती आमच्या मोकळ्या खोल्यांत मांडली गेली. पलीकडे मुलं गोणपाटावर. साईंनी बाकांसाठी अर्ज केला होता, तो जिल्ह्याच्या ऑफिसात कुठेतरी होता.

पुढच्या पावसाळ्यात व्हरांड्यातला त्यांचा वर्ग रोज भिजू लागला. एका दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर मुलं पाट्या डोक्यावर धरून उभी होती, आणि त्यांचे मास्तर स्वतः भिजत कविता शिकवत होते. मी ऑफिसात जाऊन आमच्या हेडमास्तरांना एवढंच म्हणाले, की माझ्या वर्गात मागची बाकं मोकळी आहेत. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग म्हणाले, "बसवा त्यांना. मी पाहिलेलं नाही."

तेव्हापासून पाऊस असेपर्यंत माझ्या खोलीत दोन वर्ग भरले. माझी मुलं पूर्वेला तोंड करून, त्यांची पश्चिमेला. सुरुवातीला काही ऐकू यायचं नाही. नंतर सवय झाली. नंतर तर असं होऊ लागलं, की मी प्रश्न विचारला की मागून पाठमोरी सिंधी मुलं मराठीत उत्तर द्यायची, आणि त्यांचे मास्तर त्यांना गप्प करायचे. त्या वर्षी तपासणीला दिपोटी, म्हणजे शाळाखात्याचे तपासनीस, आले, ते नेमके उघडीप असलेल्या दिवशी, त्यामुळे त्यांना हे काही दिसलं नाही. मला आजही वाटतं, दिसायला हवं होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मुलं इतक्या आपखुशीनं शिकताना मी पुन्हा पाहिली नाहीत.

मग लिपीचं प्रकरण आलं. सिंधी तोवर उजवीकडून डावीकडे, अरबी वळणाच्या अक्षरांत लिहिली जायची. वरून हुकूम आला, की यापुढे पहिलीपासून ती देवनागरीत शिकवायची. साईं एके दिवशी शाळा सुटल्यावर आमच्याकडे आले आणि माझ्या रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावत नव्हते, म्हणून पाय बाहेर घेतले. फारसी, अरबी, इंग्रजी लिहिता येणारा तो माणूस खिशातून पाटीची पेन्सिल काढून म्हणाला, "बेटी, मुझे लिखना सिखाओ. पढ़ तो लेता हूँ, पर हाथ नहीं चलता. पहली के बच्चे मेरा हाथ देखेंगे."

महिनाभर तरी ते येत होते. हात उजवीकडून सुरू व्हायचा, मग थबकायचा आणि डावीकडून पुन्हा सुरू व्हायचा. अक्षर मात्र चार-आठ दिवसांतच माझ्यापेक्षा देखणं झालं. अडचण दुसरीच होती. सिंधीत काही आवाज असे आहेत जे आपल्याकडे नाहीत, श्वास आत ओढून म्हणायचे ग, ज, ड, ब. त्यांच्यासाठी नागरी अक्षराखाली रेघ द्यायची असं ठरलं होतं. ते मला ते आवाज काढायला लावायचे आणि मला जमत नसत, आणि आम्ही दोघंही हसायचो. एकदा हसता हसता थांबून ते म्हणाले, की ही रेघ मुलं घाईत द्यायला विसरतील, आणि रेघ विसरली की काही वर्षांनी आवाज विसरतील.

पण खरी पडझड अक्षरांमुळे झाली नाही, भांडणांमुळे झाली. शाळेच्या व्हरांड्यात पालकांची सभा भरली तेव्हा मी फळ्यांच्या अलीकडे होते. म्हातारी माणसं म्हणत होती, घरदार गेलं, आता अक्षरंही काढून घेता? आमच्या पोथ्या, आमच्या चिठ्ठ्या नातवंडांना वाचता येणार नाहीत. तरुण दुकानदार म्हणत होते, मुलांना या मुलखात राहायचं आहे, इथलंच अक्षर यायला हवं. दोन्ही बाजू साईंनाच बोलत होत्या. एकानं त्यांना विकला गेलेला मास्तर म्हटलं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. शेवटी फक्त म्हणाले, की ज्याला जे हवं ते मी शिकवीन, मुलं काढू नका.

पुढे दोन्ही लिप्या चालतील असं ठरलं. त्यानं सगळे खूश होतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या झाल्या, एक या लिपीची, एक त्या लिपीची. शिक्षक तेवढेच, खोल्या तेवढ्याच. साईं एका तासाला एका लिपीत आणि पुढल्या तासाला दुसऱ्या लिपीत तोच धडा शिकवायचे. पुस्तकं एकाची आली तर दुसऱ्याची यायची नाहीत. मुलं मागे पडू लागली, आणि पालक या रस्सीखेचीला कंटाळले. त्याच सुमाराला बाजाराजवळ एक खाजगी इंग्रजी शाळा निघाली. फी होती, पण गणवेश होता, घंटा होती, आणि मुलं घरी येऊन इंग्रजी गाणी म्हणायची. तिथे कोणत्या बाजूनं लिहायचं याचा वाद नव्हता. पहिल्यांदा कापडवाल्यांची मुलं गेली, मग मिठाईवाल्यांची, मग ज्यांना फी झेपत नव्हती त्यांचीही.

त्या दिवाळीत साईंनी मला आणि माझ्या आईला घरी बोलावलं. त्यांच्या पत्नीनं आधी पाण्याबरोबर पापड दिले, मग मिठाई. मुलाचं बाजारात कापडाचं दुकान चांगलं चाललं होतं. बोलता बोलता सून म्हणाली, की नातवाचं नाव आता इंग्रजी शाळेत घातलंय. नातू साईंच्याच शाळेत तिसरीत होता. साईंना हे ठाऊक असावं, कारण ते दचकले नाहीत. मुलाला मात्र माझ्यासमोर अवघडल्यासारखं झालं. तो मला समजावल्यासारखं म्हणाला, पण बोलत होता बापाशीच.

"बाई, मी दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत मराठी, हिंदी, गुजराती बोलतो. सिंधी फक्त घरात. मुलाला घरातलं शिकवायला शाळा कशाला?"

साईं म्हणाले, "ठीक कहता है." आणि नातवाला जवळ घेऊन त्याच्या नव्या टायची गाठ सरळ करू लागले.

घरी येताना आई म्हणाली, की म्हाताऱ्यानं एक शब्दानं तरी अडवायला हवं होतं. मला तसं वाटलं नाही. ज्या माणसानं लोकांच्या दारात उकिडवं बसून मुलं मागितली होती, तो आपल्याच घरात मूल मागू शकला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. पण तो काय म्हणून मागणार? मुलगा चुकीचं बोलत नव्हता.

त्यानंतर पलीकडची शाळा ओसरतच गेली. आधी दुसरी पाळी बंद झाली. मग लिंबाखालचा वर्ग आत आला. व्हरांडा मोकळा झाला. इकडे आमच्या हेडमास्तरांचं म्हणणं खरं ठरलं. अंबरनाथला कारखाने वाढले, घाटावरून, कोकणातून माणसं आली, आणि आमच्या शाळेत नाव घालायला रांगा लागू लागल्या. आता माझ्या वर्गात एकेका बाकावर चार-चार मुलं बसत होती, आणि फळ्यांपलीकडून एखादाच आवाज यायचा.

अशातच एका सकाळी बैलगाडीतून नवी कोरी बाकं आली. आम्ही मागितलीच नव्हती. हमालानं चिठ्ठी दाखवली. बाकं सिंधी शाळेची होती. साईंचा तो जुना अर्ज कुठून कुठून फिरत आता मंजूर झाला होता. साईंनी ती चारी खोल्यांत लावून घेतली. मी पाहायला गेले तर चौथीत सहा-सात मुलं होती आणि प्रत्येक जण एकेका बाकावर ऐसपैस बसला होता. मुलं खूश होती. एक जण बाकावर आडवाच झाला होता. साईं त्याला रागावले नाहीत.

खोली मागायची पाळी आता आमच्या हेडमास्तरांवर आली. बोर्डाचं पत्र होतं, की जागेची फेरवाटणी करावी. त्यांनी ते आठवडाभर खिशात ठेवलं. एके दिवशी मला म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. मला एकट्याला तोंड वर करून बोलता येणार नाही." आम्ही गेलो. साईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. आमचे हेडमास्तर पत्र काढायला गेले, तेवढ्यात साईं उठले आणि भिंतीतल्या खिळ्यावरच्या दोन किल्ल्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. म्हणाले, की दोन खोल्या आम्हाला पुरतात. बाकंही घ्या, मुलं कशाला उभी राहतील?

हेडमास्तरांनी किल्ल्या उचलल्या नाहीत. ते म्हणाले, "साईं, त्या वेळी मी एक खोली दिली असती, तर तुमची पाचवी निघाली असती. सातवीपर्यंत शाळा गेली असती. लोकांनी मुलं काढली नसती."

 साईं म्हणाले, "शायद निकाल लेते. शायद नहीं." आणि चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

आमचे हेडमास्तर कपाला हात न लावता तसेच बसून राहिले. किल्ल्या शेवटी मीच उचलल्या.

त्यानंतर वर्षभरात माझं लग्न झालं. बदलापूरला सासर, आणि बदलीही तिथल्याच शाळेत मिळाली. कॅम्पातली बातमी अधूनमधून कानावर यायची. उरलेल्या दोन खोल्यांतली मुलंही दुसऱ्या कॅम्पातल्या सिंधी शाळेत वर्ग केली गेली आणि ती सबंध बराक मराठी शाळेची झाली. फळ्या काढल्या. साईं निवृत्त झाले की त्यांना निवृत्त केलं, हे मला नीट कळलं नाही. आमच्या जुन्या हेडमास्तरांनी त्यांच्यासाठी निरोपाचा कार्यक्रम करायचा घाट घातला होता, पण साईंनी नको म्हणून सांगितलं.

माहेरी आले असताना एकदा मी त्यांना भेटायला गेले. दुकानावर मुलगा म्हणाला, ते टिकाण्यात असतील. टिकाणा म्हणजे त्यांचं देऊळ. तिथे सकाळी ते म्हाताऱ्या बायकांना पोथी वाचून दाखवायचे आणि कोणाला चिठ्ठी लिहून हवी असेल तर लिहून द्यायचे. मी गेले तेव्हा वाचन संपलं होतं आणि ते सतरंजीची घडी घालत होते. मला पाहून फार आनंदले. माझ्या कडेवरच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. नातू कसा आहे विचारलं तर म्हणाले, वर्गात वरचा नंबर असतो, सरळ इंग्रजीत बोलतो, कौतुक वाटतं. ते खोटं वाटत नव्हतं.

मग त्यांनी मला विचारलं, की बदलापूरच्या शाळेत पट किती आहे. मला सांगवेना. आमच्या शाळेत तेव्हा जागा पुरत नव्हती, आणि मी दर महिन्याला तक्रार करत होते की मुलं फार झाली. मी काहीतरी पुटपुटले, की आहेत बऱ्यापैकी.

"बऱ्यापैकी म्हणजे?" त्यांनी मराठीत विचारलं. मी त्यांना मराठी बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते.

मग मी सांगितलं, की मुलं मावत नाहीत, दोन पाळ्या कराव्या लागतील असं दिसतंय. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला कितीतरी प्रश्न विचारले, पाळ्या कशा लावाव्यात, लहान मुलं सकाळी घ्यावीत की दुपारी, व्हरांड्यात वर्ग बसवायचा तर ऊन कोणत्या बाजूनं येतं हे आधी बघावं. पहिलीला सगळ्यात चांगला मास्तर द्यावा, असं दोनदा म्हणाले. मी हो हो म्हणत होते. मुलगी रडायला लागली म्हणून मी उठले.

बाहेर पडताना मनात एकच येत होतं. तेव्हा आमच्याकडे चार खोल्या होत्या आणि मुलं नव्हती, त्यांच्याकडे मुलं होती आणि खोल्या नव्हत्या, आणि मधे फक्त लाकडाच्या फळ्या होत्या. दिपोटी, बोर्ड, आमचे हेडमास्तर, साईं, यांतला कोणीही वाईट माणूस नव्हता. प्रत्येकानं आपल्या कागदाप्रमाणे, आपल्या भीतीप्रमाणे बरोबरच केलं. तरी जी शाळा दिवसभर उतू जात होती, ती माझ्या डोळ्यांदेखत संपली. पुढे मी खूप शाळा पाहिल्या, काही भरल्या, काही ओस पडल्या. हळहळ वाटते ती त्या एकाच शाळेची, आणि ती शाळा माझी नव्हतीसुद्धा.